बायकोचं एक वर्ष बाकी होतं: निक सेबन कोच कसे झाले

काळी किंवा गडद निळी गाडी धुवायला आली की निकच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पांढऱ्या गाडीवर फडक्याचे ओघळ खपून जातात, काळ्या गाडीवर एकेक ओघळ उठून दिसतो. तो वडिलांच्या नजरेला पडला की हुकूम एकच: पुन्हा धू. तेवढाच पत्रा नव्हे, अख्खी गाडी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात, वडिलांचा गल्फ कंपनीचा पेट्रोल पंप होता. अकराव्या वर्षापासून निक तिथे राबायचा. पेट्रोल भरायचं, काचा पुसायच्या, तेल आणि टायरमधली हवा बघायची, पैसे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाशी नीट बोलायचं.

हा मुलगा पुढे कॉलेजात फुटबॉल खेळला, बरा खेळला, पण कोणी त्याच्या नावाने ओरडावं असं काही घडलं नाही. मग तो कोच झाला. आणि कोच म्हणून त्याने ७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या आधुनिक काळात एवढी कोणाच्याच नावावर नाहीत. कॉलेजचा साधा खेळाडू कोच होतो म्हणजे नेमकं काय होतं, मधे कोणकोणत्या पायऱ्या असतात, आणि तिकडे कोचला एवढं मोठं का मानतात, हे मला निक सेबन यांच्या आयुष्यावरून सांगायचं आहे, कारण त्यात या धंद्याची जवळपास प्रत्येक पायरी आहे.

आधी खेळ. हा आपला कोल्हापूरचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे ११-११ खेळाडू. ज्याच्याकडे चेंडू, त्याला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी. तेवढं जमलं तर पुन्हा नव्या चार संधी, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. समोरच्या टोकापर्यंत चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण.

यातली खरी मेख अशी की प्रत्येक संधीनंतर खेळ थांबतो. शिट्टी वाजते, सगळे उठतात, माती झटकतात, पुन्हा रांगा लावतात. पुढचा डाव सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे कोच ठरवतात की आता कोणी कुठे उभं राहायचं आणि कोणी कुठे पळायचं. क्रिकेटमध्ये कर्णधार चेंडूगणिक क्षेत्ररक्षण हलवतो ना, तसं समजा. फक्त इथे दर चेंडूला अकराच्या अकरा माणसांची प्रत्येक हालचाल आधी ठरलेली असते, आणि ठरवणारा मैदानाबाहेर उभा असतो. सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, एकदा खेळ सुरू झाला की कोचने कितीही ओरडावं, चेंडू पळतच राहतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये कोचचा हात जवळपास प्रत्येक डावात असतो.

दुसरी गोष्ट कॉलेजची. तिथे विद्यापीठाचा संघ म्हणजे गावाचा संघ. नात्यातलं कोणी अशा विद्यापीठात शिकत असेल तर तुम्ही ऐकलं असेल, हंगामात शनिवारी गावाचे रस्ते तुंबतात आणि लग्नाच्या तारखासुद्धा सामने बघून ठरतात. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा गावात आहे, त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख. विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनसंख्या १,००,०७७. बऱ्याच राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांत सगळ्यात जास्त पगार राज्यपालांचा नसतो, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो. आणि मैदानात हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे उघडपणे काही घेता येत नव्हतं. मला हा अन्याय वाटत आला आहे, आणि सेबन यांच्या गोष्टीत तो शेवटी येतोच.

आता पुन्हा खाणींच्या गावाकडे.

निकचा जन्म ३१ ऑक्टोबर १९५१ चा. आजोबा खाणकामगार, घराणं मूळचं क्रोएशियातलं. वडिलांनी पंप चालवता चालवता पोरांचा एक फुटबॉल संघ उभा केला, आयडामे ब्लॅक डायमंड्स. काळा हिरा म्हणजे कोळसा. डोंगरांच्या कपारीतल्या वस्त्यांमधून पोरांना सरावाला आणायचं कसं, तर त्यांनी एक जुनी शाळेची बस घेतली आणि स्वतः ती चालवत घरोघर फिरले.

आठवीत निकला संगीतात अगदी कमी गुण मिळाले. वर्गापुढे उभं राहून गायला तो लाजला होता. वडील त्याला खाणीत घेऊन गेले, खोल खाली, अंधारात. तुला इथे आयुष्य काढायचं आहे का, एवढंच विचारलं. हा प्रसंग सेबन यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. त्या पट्ट्यात तो प्रश्न पोकळ नव्हता. २० नोव्हेंबर १९६८ ला त्याच जिल्ह्यात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला आणि ७८ कामगार गेले. निक तेव्हा मोनोंगाच्या शाळेचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू ज्याच्या हातात पहिल्यांदा येतो तो. त्याच वर्षी त्या शाळेने राज्याचं विजेतेपद मिळवलं.

ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठाने त्याला घेतलं. अंगापिंडाने तो लहानखुरा, म्हणून जागा मिळाली मागच्या फळीत, बचावात. तिथला बचावपटू सगळ्यात मागे उभा राहतो आणि लांब फेकलेले चेंडू अडवतो. त्याच्यामागे कोणी नसतं. तो चुकला तर सरळ टचडाउन. त्यामुळे या जागेवरच्या माणसाला पुढच्या दहा जणांचं काय चाललंय ते सतत वाचत राहावं लागतं. माझ्या मते सेबन यांच्यातला कोच इथे सुरू झाला.

पहिल्याच वर्षी, ४ मे १९७० ला, केंट स्टेटच्या आवारात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं चालू असताना नॅशनल गार्डच्या जवानांनी विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. तेरा सेकंदांत चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. निक आणि त्याचा मित्र आधी जेवायला गेले होते म्हणून त्या जागी थोडे उशिरा पोचले. मेलेल्यांपैकी ॲलिसन क्राउस त्याच्या वर्गात होती.

पुढच्या वर्षी डॉन जेम्स हे नवे कोच आले. वेळापत्रक मिनिटामिनिटाचं, प्रत्येक गोष्टीची नोंद, आरडाओरडा कमी. १९७२ मध्ये केंट स्टेटने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. निक शेवटच्या वर्षाला होता. खेळ संपला, पदवी हातात आली, आणि पुढे काय करायचं हेही ठरलेलं होतं: गाड्यांची एजन्सी काढायची. पेट्रोल पंपावर वाढलेल्या मुलाला यापेक्षा मोठं स्वप्न कोणतं!

पण टेरीशी लग्न झालं होतं, आणि टेरीचं शिक्षण एक वर्ष बाकी होतं. म्हणजे ते वर्ष गावातच काढायचं होतं. जेम्स यांनी विचारलं, ग्रॅज्युएट असिस्टंट होतोस का? निकला त्यात काडीचा रस नव्हता. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंही मनात नव्हतं. वर्ष काढायचं म्हणून तो हो म्हणाला.

ग्रॅज्युएट असिस्टंट ही कोचच्या धंद्याची पहिली पायरी. तुम्ही कागदोपत्री एम.ए.सारख्या वर्गाचे विद्यार्थी असता, फी माफ होते, वर थोडा भत्ता मिळतो, आणि संघाची पडतील ती कामं तुम्ही करता. पुढच्या शनिवारी ज्याच्याशी सामना, त्याच्या जुन्या सामन्यांची फिल्म बघायची. त्या काळी ती १६ मिलिमीटरची रिळं असत. ती कापून, जोडून, आक्रमणाचे डाव एकीकडे आणि बचावाचे दुसरीकडे लावायचे. मग प्रत्येक डावाला ते किती यार्डांवर होते, कितवी संधी होती, कोण कुठे उभा होता, हे हाताने लिहून काढायचं.

नंतर कार्डं. समोरच्या संघाचा एकेक डाव मोठ्या कार्डावर काढायचा, गोल आणि फुल्या आणि बाण. सरावात मैदानाच्या मधोमध ते कार्ड डोक्यावर धरायचं. राखीव खेळाडू ते बघून समोरच्या संघासारखे पळतात, आणि मुख्य संघाचा बचाव त्यांना अडवायचा सराव करतो. एक डाव झाला की दुसरं कार्ड. पाऊस असो, बर्फ असो. आठवडाभर शेकडो कार्डं. हे काम ज्याने मन लावून केलं, त्याने एका हंगामात दहा-अकरा कोचांचं डोकं आतून पाहिलेलं असतं. मैदानावर चार वर्षं पळून जे कळत नाही ते इथे कळतं, कारण खेळाडूला आपलं काम माहीत असतं आणि कार्ड काढणाऱ्याला बावीसच्या बावीस जणांचं.

त्याच वर्षी, १९७३ मध्ये, निकचे वडील हृदयविकाराने गेले. वय फक्त ४६.

एका वर्षाचं काम मग सुटलंच नाही. पुढचं सगळं भराभर सांगतो, कारण ते जगतानाही असंच भराभर गावं बदलत गेलं. केंट स्टेटमध्येच दुसरी पायरी मिळाली, पोझिशन कोच, म्हणजे एका जागेवरच्या सात-आठ खेळाडूंचा मास्तर. मग सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट. ओहायो स्टेटमध्ये १९८१ च्या हंगामानंतर बचावाच्या कोचांना काढून टाकण्यात आलं, त्यात सेबनही होते. एक वर्ष नेव्हीच्या अकादमीत. १९८३ पासून मिशिगन स्टेटमध्ये तिसरी पायरी, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर: संघाचा सगळा बचाव ज्याच्या डोक्यातून चालतो तो. १९८८ ला व्यावसायिक फुटबॉलमध्ये, ह्यूस्टनला. आणि १९९० मध्ये टोलेडो विद्यापीठात पहिल्यांदा मुख्य कोच.

१९७३ ते १९९०. सतरा वर्षं, आठ गावं, आणि ३८व्या वर्षी पहिलं मुख्यपद. प्रत्येक वेळी टेरीबाईंनी घर उचललं आणि नव्या गावात मांडलं. मोठ्या कोचचा पगार बघून डोळे दिपणाऱ्यांनी ही सतरा वर्षं आधी मोजावीत. बहुतेक जण याच टप्प्यात गळतात. मुख्य कोच बदलला की त्याच्यासोबत सगळ्या सहायकांची नोकरी जाते, चूक कोणाची का असेना.

टोलेडोने त्या एका वर्षात ११ पैकी ९ सामने जिंकले. तरी सेबन यांनी मुख्यपद सोडलं आणि क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघात पुन्हा सहायक झाले, कारण तिथले मुख्य कोच होते बिल बेलिचिक, पुढे व्यावसायिक फुटबॉलमधल्या सगळ्यात यशस्वी कोचांमध्ये गणले गेलेले. बाहेरून बघणाऱ्याला हे मागे जाणं वाटेल. मला ही त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात शहाणी निवड वाटते. त्या चार वर्षांत दोघांनी बचावाची जी रीत घासूनपुसून बसवली ती समजून घेण्यासारखी आहे.

बचावाच्या जुन्या रीती दोन. एक, माणसाला माणूस: तुला तो दिला, तो जाईल तिथे त्याच्या मागे पळ. दुसरी, जागा वाटून घेणं: हा तुकडा तुझा, यात जो येईल तो तुझा. पहिलीत अडचण अशी की समोरचे दोघे एकमेकांना छेदून पळाले की त्यांच्या मागे पळणारे आपसात आदळतात. दुसरीत अडचण अशी की दोन तुकड्यांच्या शिवेवर कोणीच नसतं, आणि हुशार क्वार्टरबॅक नेमका तिथेच चेंडू टाकतो. यावरचा तोडगा असा: सुरुवात जागा वाटून करायची, पण समोरच्यांची पहिली काही पावलं बघायची. बाहेरचा माणूस सरळ लांब पळाला तर तो तुझा. तो मधेच आत वळला तर त्याला सोड, तो माझा, तू मागून येणारा दुसरा घे. म्हणजे कोणाला कोण हे खेळ सुरू झाल्यावर, सेकंद-दीड सेकंदात, सगळ्यांनी एकाच वेळी आणि सारखंच ठरवायचं. एकाने वेगळं वाचलं की भगदाड पडलं.

हे फळ्यावर सोपं दिसतं. मैदानात ते उतरायचं तर तेच तेच शेकडो वेळा घोकून घ्यावं लागतं. १९९४ च्या हंगामात क्लीव्हलंडने सगळे मिळून २०४ गुण दिले, त्या वर्षी पूर्ण लीगमध्ये सगळ्यात कमी. कॉलेजच्या मागच्या फळीत उभा राहून दहा जणांना वाचणारा लहानखुरा पोरगा आता अकरा जणांना एकदम वाचायला शिकवत होता.

१९९५ ला ते मिशिगन स्टेटला मुख्य कोच म्हणून परतले आणि सुरुवातीच्याच सामन्यात नेब्रास्काने ५०-१० असं धुतलं. पुढची तीन वर्षं बरी, पण बेताची. मग ७ नोव्हेंबर १९९८ आलं. समोर देशात पहिल्या क्रमांकावरचं ओहायो स्टेट, सामना त्यांच्या घरी. मिशिगन स्टेट तोवर ४ जिंकून ५ हरलेलं.

विद्यापीठात लायोनेल रोझेन नावाचे मानसोपचाराचे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. एक डाव सरासरी सातेक सेकंद चालतो. माणसाने तेवढ्या सात सेकंदांचाच विचार करावा. डाव संपला, तो गेला, चांगला असो की वाईट. पुढचे सात सेकंद. सेबन यांनी त्या आठवड्यात पोरांना हेच सांगितलं: समोर कोण आहे विसरा, गुणफलक बघू नका, हा एक डाव नीट खेळा. सामन्यात ते २४-९ असे मागे पडले. आणि तिथून २८-२४ जिंकले.

याला पुढे ‘द प्रोसेस’ असं नाव पडलं. निकाल तुमच्या हातात नाही, आत्ताचं काम आहे. ते इतकं नीट करा की निकाल आपोआप मागून येईल. आपल्याला यात गीतेतला श्लोक आठवेल, पण सेबन यांना तो कुठून आठवणार? माझं मत असं की रोझेन यांचं बोलणं त्यांच्या मनात लगेच रुजलं, कारण जमीन आधीच नांगरलेली होती. काळी गाडी एकदम धुता येत नाही. एकेक पत्रा, एकेक काच.

एलएसयूने, म्हणजे लुइझियाना राज्याच्या विद्यापीठाने, २००० मध्ये त्यांना नेलं. २००३ च्या हंगामात ओक्लाहोमाला २१-१४ हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं. मग २००५ ला मायामी डॉल्फिन्स, पुन्हा व्यावसायिक फुटबॉल, आणि तिथे दोन वर्षांत १५ विजय, १७ पराभव. व्यावसायिक संघात खेळाडू निवडताना सगळ्यांना आळीपाळीने संधी मिळते आणि पगारावर मर्यादा असते, म्हणून घरोघर फिरून पोरं जमवण्याचं सेबन यांचं सगळ्यात मोठं बळ तिथे कामाचंच नव्हतं. ड्रू ब्रीझ हा क्वार्टरबॅक घ्यायचं मनात होतं, पण डॉक्टरांना त्याच्या खांद्याची धास्ती वाटली आणि दुसरा घेतला गेला. ब्रीझ पुढे न्यू ऑर्लिन्सकडून सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला.

डिसेंबर २००६ मध्ये सेबन यांनी पत्रकारांपुढे स्पष्ट सांगितलं की आपण अलाबामाचे कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला ते अलाबामाचे कोच झाले. हे मला खटकतं आणि ते झाकायचं कारण नाही. या धंद्यात कोच असं बोलतात, कारण खरं सांगितलं तर चालू हंगामातला संघ त्याच दिवशी विस्कटतो. तरी शब्द तो शब्द. मायामीतल्या लोकांनी तो अजून विसरलेला नाही.

अलाबामा म्हणजे बेअर ब्रायंट यांची गादी. ते याच कॉलेजचे खेळाडू, १९३४ च्या विजेत्या संघातले, आणि १९५८ ते १९८२ तिथले कोच. त्यांच्या नावावर ६ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्यानंतर पाव शतक त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याशी तोललं गेलं. सेबन आले त्या वसंतात आपल्याच संघाचे दोन भाग करून खेळवलेला सरावाचा सामना बघायला ९२,१३८ माणसं आली होती. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुइझियाना-मन्रो नावाच्या छोट्या विद्यापीठाने घरच्या मैदानावर येऊन त्यांना २१-१४ हरवलं.

मग खेळाडू जमवण्याचं काम फळाला आलं. कॉलेज कोचच्या कामाचा हा अर्धा भाग बाहेरच्यांना दिसत नाही. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जायचं, त्याच्या आईच्या हातचं जेवायचं, तिला पटवायचं की तुमचा मुलगा माझ्याकडे शिकेल, सुरक्षित राहील, पदवी घेईल. समोरच्या सोफ्यावर काल दुसऱ्या विद्यापीठाचा कोच बसून गेलेला असतो. २००८ ला असे जे मुलगे आले त्यांत ज्युलिओ जोन्स होता, मार्क इंग्रम होता. पुढच्या हंगामात अलाबामा १४ पैकी १४ सामने जिंकलं, राष्ट्रीय विजेतं झालं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी इंग्रमला मिळाली, अलाबामाच्या इतिहासातली पहिली. नंतर २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२०.

सहाही सांगत बसत नाही. दोन सामने मात्र सांगायलाच हवेत.

३० नोव्हेंबर २०१३, शेजारच्या ऑबर्नशी सामना, २८-२८ बरोबरी. घड्याळ शून्यावर आलं. सेबन यांनी पंचांकडे हट्ट धरला की एक सेकंद शिल्लक आहे. पंचांनी तो दिला. त्या एका सेकंदात अलाबामाने ५७ यार्डांवरून लाथेने गोल करायचा प्रयत्न केला. चेंडू कमी पडला, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो आपल्या टोकाच्या रेषेजवळ झेलला आणि सगळं मैदान पळून पार केलं. ३४-२८. स्वतः मागून घेतलेल्या सेकंदात ते हरले.

दुसरा, ८ जानेवारी २०१८, राष्ट्रीय अंतिम सामना, समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे. सेबन यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, तोवर सुरुवात केलेल्या २७ सामन्यांपैकी २५ जिंकलेला. त्याला त्यांनी बसवलं आणि टुआ टॅगोव्हायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामाने बरोबरी साधली. जादा वेळेत जॉर्जियाने ३ गुण घेतले, आणि अलाबामाच्या पहिल्याच डावात टुआला मागे पाडलं गेलं. आता दुसरी संधी, आणि जायचे होते २६ यार्ड. त्याने ४१ यार्डांचा पास टाकला, डेव्हॉन्टा स्मिथने झेलला, टचडाउन. २६-२३. बहुतेकांना तो पास आठवतो, मला हर्ट्स आठवतो. तो रुसून गेला नाही. पुढचा हंगाम टुआच्या मागे बाकावर काढला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाल्यावर उतरून त्याने सामना ३५-२८ जिंकून दिला. हर्ट्सचे वडील शाळेच्या संघाचे कोच. पुढे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, फिलाडेल्फियाकडून तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या अंतिम सामन्यात जॉर्जियाचे कोच होते कर्बी स्मार्ट. ते जॉर्जियाचेच जुने खेळाडू, तेही मागच्या फळीतले, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग सेबन यांचे सहायक, अलाबामात आठ हंगाम डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. तालमीत वस्तादाचा पठ्ठा दुसऱ्या गावी जाऊन स्वतःची तालीम काढतो तसंच हे. सेबन यांचे कितीतरी पठ्ठे ठिकठिकाणी मुख्य कोच झाले, आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांच्यापैकी एकालाही वस्तादाला हरवता आलं नव्हतं. पहिले हरवणारे जिंबो फिशर. मग १० जानेवारी २०२२ ला स्मार्ट यांच्या जॉर्जियाने अंतिम सामन्यात अलाबामाला ३३-१८ हरवलं. जॉर्जियाचं ते १९८० नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या हंगामात त्यांनी ते राखलंही. फिशर यांना मात्र टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये काढलं, आणि करार मोडल्याबद्दल विद्यापीठाला त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागणार होते. कोचला काढायचं तर उरलेल्या वर्षांचे ठरलेले पैसे द्यायचे, याला तिकडे बायआउट म्हणतात.

पोरांना २०२१ पर्यंत काही मिळत नव्हतं, असं वर म्हटलं ते याच संदर्भात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून, जाहिराती करून, पैसे कमावायची मुभा मिळाली. त्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठात जाणंही सोपं झालं. आधी असं गेलं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. आता एक मुलगा आज इथे, पुढच्या वर्षी तिथे. खेळाडूच्या बाजूने हे न्याय्यच आहे. कोच कोटींमध्ये खेळत होते आणि वाटेल तेव्हा गाव सोडत होते, तर पोरांनीच काय म्हणून बांधून घ्यावं? पण ज्याची सगळी विद्या पोराला चार वर्षं धरून, तेच तेच घोकून घेऊन घडवण्यावर उभी, त्याचं काम यामुळे अवघड झालं. सेबन यांनी ते लपवलं नाही.

१ जानेवारी २०२४ ला, रोझ बोल सामन्यात, मिशिगनने अलाबामाला जादा वेळेत २७-२० हरवलं. मिशिगनचे तेव्हाचे कोच जिम हारबॉ, एकेकाळी तिथलेच क्वार्टरबॅक.

१० जानेवारीला सेबन नेहमीसारखे कार्यालयात आले. चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंसाठी नवा पोझिशन कोच नेमायचा होता, त्यासाठी त्या दिवशीही ते उमेदवारांशी बोलत होते. संध्याकाळच्या सुमाराला त्यांनी संघाची बैठक बोलावली आणि सांगितलं की आपण निवृत्त होतोय. वय ७२. गाड्यांचं स्वप्नही मधल्या काळात पुरं झालं होतं, मर्सिडीजच्या एजन्सींमध्ये आता त्यांची मालकी आहे.

दोन दिवसांत खुर्ची भरली. नवे कोच केलन डिबोर. ते साउथ डकोटातल्या सू फॉल्स या छोट्या कॉलेजात खेळलेले, आणि पुढे तिथेच मुख्य कोच असताना पाच वर्षांत ६७ सामने जिंकून फक्त ३ हरलेले. अलाबामात ते आले वॉशिंग्टन विद्यापीठातून. केंट स्टेट सोडल्यावर डॉन जेम्स यांनी अठरा वर्षं जिथे कोचिंग केलं, ते हेच वॉशिंग्टन.